बाळापासून आजीपर्यंत : कुणाच्या पोटात प्लास्टिसायझर कुठून जातो आणि तो कसा कमी करायचा

अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात दहा कुटुंबांवर एक प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष 2013 साली छापून आले. काही कुटुंबांना पाच दिवस ताजं, आसपासच्या शेतांत पिकलेलं, प्लास्टिकचा स्पर्श टाळून रांधलेलं जेवण पुरवलं गेलं. उरलेल्यांच्या हातात काय टाळावं याची छापील माहिती दिली. ताजं जेवणाऱ्यांच्या लघवीत प्लास्टिसायझरच्या, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात त्या रसायनांच्या, खुणा कमी दिसतील अशी अपेक्षा होती. त्या उलट कित्येक पटींनी वाढल्या. मग शिध्यातला एकेक जिन्नस तपासला तेव्हा धणेपूड सापडली. तिच्या एका ग्रॅममध्ये 21,400 नॅनोग्रॅम डीईएचपी नावाचा प्लास्टिसायझर होता. दुधातही तो निघाला.

हे वाचल्यावर मी ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्याकडे बघत राहिले. डबा स्टीलचा, चमचा स्टीलचा, पण आतली पूड कुठल्या नळीतून, कुठल्या पट्ट्यावरून, कुठल्या पोत्यातून आली ते मला कुठे माहीत होतं?

तेव्हापासून मी हा विषय नेटाने वाचते आहे. माझ्या घरात दहा महिन्यांचं बाळ आहे, सोळा वर्षांची मुलगी आहे, आम्ही कामाला जाणारे आहोत आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. माझ्या लक्षात आलेली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की हे रसायन प्रत्येक वयाच्या माणसापर्यंत वेगळ्या वाटेने पोचतं. बाळाची वाट जमिनीवरून जाते, मुलीची आरशासमोरच्या कपाटातून आणि सासूबाईंची औषधाच्या डब्यातून. त्यामुळे ‘सगळं प्लास्टिक फेकून द्या’ या सल्ल्याने खर्च होतो आणि खरी वाट तशीच उघडी राहते.

पायरी 1 : तो कशात असतो आणि कशात नसतो, हे आधी ओळखा

पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. नळाचा पांढरा पाइप पीव्हीसीचा आणि रेनकोटही पीव्हीसीचा. दोघांतला फरक म्हणजे प्लास्टिसायझर. शंकरपाळ्यांच्या कणकेत मोहन घालतो, तसं पीव्हीसी मऊ व्हावं म्हणून त्यात हे तेलासारखे द्रव घालतात. मऊ पीव्हीसीच्या वजनाचा तीस-चाळीस टक्के भाग नुसता प्लास्टिसायझर असू शकतो. यातलं सर्वात मोठं घराणं थॅलेटांचं. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी, डीआयएनपी ही त्यांची नावं.

मोहन जास्त झालं की शंकरपाळ्यांखालच्या कागदावर तेलाचे डाग उमटतात. प्लास्टिसायझरचंही तसंच आहे. तो पीव्हीसीशी रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, नुसता अडकून बसलेला असतो, आणि हळूहळू बाहेर पडतो. तीन गोष्टी त्याला बाहेर ढकलतात : ऊब, तेल-तूप आणि वेळ. गार पाणी तासभर राहिलं तर फार काही होत नाही. गरम तुपकट पदार्थ आठवडाभर राहिला तर तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

आता गोंधळ कुठे होतो ते बघू. पाण्याच्या बाटलीवर त्रिकोणात 1 आकडा असतो. ते पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. नावात ‘थॅलेट’ आलं तरी ते वेगळं रसायन आहे, प्लास्टिसायझर नव्हे. 2, 4 आणि 5 या आकड्यांची प्लास्टिकं (दुधाची पिशवी, शाम्पूची बाटली, मायक्रोवेव्हचे डबे) मऊ करायला प्लास्टिसायझर लागत नाही. शंका घ्यायची ती 3 या आकड्याची. तो पीव्हीसीचा. पण मेणकापड, रेक्झिन, पडदे, हातमोजे, नळ्या यांवर आकडा छापलेलाच नसतो, तिथे हाताने ओळखावं लागतं. मऊ, जरा चिकट, वाकवलं की रबरासारखं पण रबराइतकं न ताणणारं, जुनं झालं की कडक होऊन तडकणारं, असं काही हाती लागलं तर ते बहुधा पीव्हीसी. जुनं मेणकापड कडक का होतं? त्यातला प्लास्टिसायझर निघून गेलेला असतो म्हणून.

वासावर विसंबू नका. नव्या रेनकोटचा उग्र वास बराचसा इतर द्रावकांचा असतो. थॅलेटांना स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आणि ‘बीपीए-फ्री’ या शिक्क्यानेही समाधान मानू नका. बीपीए हे वेगळं रसायन आहे, तो शिक्का थॅलेटांबद्दल काहीच सांगत नाही.

पायरी 2 : वजनाचं गणित मांडा

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2019 साली डीबीपी, बीबीपी, डीईएचपी आणि डीआयएनपी या चौघांसाठी मिळून एक मर्यादा ठरवली : रोज, शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 50 मायक्रोग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला 3,000 आणि दहा किलोच्या बाळाला 500. सिअॅटलच्या त्या धणेपुडीचा दोन ग्रॅमचा चमचा घेतला तर त्यात साधारण 43 मायक्रोग्रॅम (एक हजार नॅनोग्रॅमचा एक मायक्रोग्रॅम) डीईएचपी होतो. मोठ्या माणसाच्या मर्यादेत तो दीड टक्का भरतो, बाळाच्या मर्यादेत जवळजवळ नऊ टक्के. एकच चमचा, आणि लहान अंगावर त्याचा भार सहापट. शिवाय मूल वजनाच्या मानाने जास्त खातं, जास्त श्वास घेतं आणि हात सारखा तोंडात घालतं. म्हणून घरातली कामं लहानापासून सुरू करावीत.

यात दिलासा देणारी गोष्टही आहे. थॅलेट अंगात वर्षानुवर्षं साठून राहत नाहीत. शरीर त्यांना काही तासांत मोडतं आणि बहुतांश भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर जातो. 2011 साली छापलेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या पाच कुटुंबांतल्या वीस जणांनी तीन दिवस डबाबंद आणि प्लास्टिकबंद अन्न सोडून ताजं खाल्लं, तेव्हा त्यांच्या लघवीतल्या डीईएचपीच्या खुणा निम्म्याहून खाली आल्या. आपलं माप रोज चढून राहतं, कारण रोज नवी भर पडते. भर थांबवली की ते लवकर उतरतं.

याच कारणासाठी एकदाच लघवी तपासून घेण्याला फारसा अर्थ नाही. सकाळचा आकडा रात्रीच्या जेवणावर ठरतो. ते पैसे स्टीलच्या डब्यांवर घाला.

पायरी 3 : पोटातलं बाळ

दिवस गेल्यावर साधारण आठवा ते चौदावा आठवडा हा काळ फार नाजूक. मुलाच्या जननेंद्रियांची घडण याच काळात पुरुष-संप्रेरकांच्या इशाऱ्यावर होते आणि काही थॅलेट त्या इशाऱ्यात अडथळा आणतात. प्राण्यांमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आईच्या लघवीतले थॅलेट आणि मुलग्यांच्या शरीररचनेतले बारीक फरक यांचा संबंध आढळला. 2022 साली सोळा अमेरिकी अभ्यासांतल्या सहा हजारांहून अधिक गर्भवतींची माहिती एकत्र केली गेली. थॅलेटांच्या खुणा जास्त असलेल्यांमध्ये वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता 12 ते 16 टक्क्यांनी वाढलेली दिसली. असे अभ्यास संबंध दाखवतात, प्रत्येक बाईच्या बाबतीत काय होईल ते सांगत नाहीत. कुठल्याही गर्भवतीने हे वाचून रात्रभर जागं राहू नये.

करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. नेलपॉलिश आणि परफ्यूम या नऊ महिन्यांसाठी बाजूला ठेवा. बाळाच्या खोलीला नवा रंग, नवं फ्लोअरिंग, रेक्झिनचं फर्निचर करायचं असेल तर ते गर्भवतीने करू नये, आणि शेवटच्या महिन्यात तर असं काम मुळीच काढू नये. बाहेरून आल्यावर आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. पाळायला सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे डोहाळे. डोहाळे लागतील ते खावं, पण शक्यतो घरच्या कढईतलं.

पायरी 4 : रांगणारं बाळ, आणि घराची जमीन

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या घरांत हीच वाट सगळ्यात दुर्लक्षित आहे.

फर्निचर, फ्लोअरिंग, वायरींची आवरणं, पडदे यांतून निघालेला प्लास्टिसायझर घरातल्या धुळीला चिकटतो. मोठी माणसं त्या धुळीवरून चालतात. बाळ तिच्यावर रांगतं, तळवे टेकवतं आणि तेच तळवे चोखतं. स्वीडनमधल्या, 2004 साली छापलेल्या एका अभ्यासात मुलांच्या झोपायच्या खोल्यांमधली धूळ तपासली गेली. बीबीपी आणि डीईएचपी जास्त असलेल्या खोल्यांचा मुलांच्या अॅलर्जी, इसब आणि दम्याशी संबंध दिसला.

भाड्याच्या घरात फरशी बरी नसली की आपण ‘लिनोलियम’ अंथरतो. खरं लिनोलियम जवसाच्या तेलापासून आणि बुचाच्या भुशापासून बनतं. दुकानात त्या नावाने मिळणारी गुंडाळी बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. बाळ रांगायला लागणार असेल तर निदान त्याच्या वावराच्या भागातून ती काढा. खाली साधी शहाबादी असली तरी चालेल. वर गोधडी किंवा सतरंजी घाला आणि ती आठवड्याला धुवा. काढणं शक्यच नसेल तर उन्हाची तिरीप तिच्यावर पडू देऊ नका आणि वर जाड चादर घाला.

कोरडा केर काढला की धूळ उडून पुन्हा बसते. त्यामुळे केर काढल्यावर लगेच ओल्या फडक्याने पुसा, आणि पलंगाखाली, टीव्हीच्या वायरींमागे, कपाटाच्या बुडाशी आधी. बाळ रांगायला सोडायच्या आधी पुसलं तर उत्तमच. हात प्रत्येक खाण्याआधी धुवा. नुसतं ओल्या वाइपने पुसणं पुरत नाही.

मग मेणकापड. दुपट्याखाली घालतो ते. ते पीव्हीसीचं असेल तर बाळाच्या अंगाची ऊब त्याला तासन्‌तास मिळते. त्याच्यावर जाड सुती गोधडी दुमडून घाला म्हणजे त्वचा थेट टेकणार नाही, किंवा रबराची शीट वापरा.

चोखायच्या वस्तूंबाबत कायदा आता मदतीला आहे. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि त्या मानकांत थॅलेटांची चाचणीही आहे. युरोपने 2005 मध्ये आणि अमेरिकेने 2008 मध्ये खेळण्यांत ठरावीक थॅलेटांना 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. जत्रेतल्या पाटीवरची मऊ बाहुली, माळ्यावर ठेवलेलं दादाचं वीस वर्षांपूर्वीचं बदक, यांवर मात्र कुणाची नजर नसते. ती आठवण म्हणून ठेवा, बाळाच्या तोंडात देऊ नका. दात येताना लाकडी चोखणी किंवा थंड गाजर मोठ्यांच्या देखरेखीत चालेल, पण गाजराचा तुकडा तुटायला लागला की लगेच काढून घ्या.

आईच्या दुधातही थोडे थॅलेट उतरतात. त्यासाठी अंगावर पाजणं कमी करू नये. आईने आपलं खाणं सांभाळावं, तेवढं पुरे.

कमी दिवसांच्या बाळांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं तेव्हा सलाइनच्या आणि दुधाच्या नळ्यांमधून डीईएचपी जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002 सालीच याबद्दल, विशेषतः नवजात मुलग्यांच्या बाबतीत, डॉक्टरांना सावध केलं होतं. तुमच्यावर ती वेळ आली तर ‘डीईएचपी नसलेली नळी मिळते का?’ एवढंच विचारा. मिळत नसेल तर उपचार थांबवायचा विचारही करू नका.

पायरी 5 : शाळेचा डबा आणि स्वयंपाकघर

अमेरिकेत लोकांच्या लघवीची नियमित सरकारी तपासणी होते. तिच्यात सहा ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये डीईएचपीच्या खुणा मोठ्यांपेक्षा जास्त दिसत आल्या आहेत. या वयात मुख्य वाट अन्नाची.

माळ्यावर नाव घातलेले स्टीलचे डबे पडलेले असतील. लग्नात, बारशात, मुंजीत आलेले. ते उतरवा. नव्या खरेदीची गरज बहुतेक घरांत पडतच नाही. गरम पोळी, तुपाचा शिरा, तेलाची फोडणी दिलेली भाजी स्टीलमध्ये द्या. कोरडे चुरमुरे किंवा सफरचंद प्लास्टिकच्या डब्यात दिलं तर चालतं.

लोणचं बरणीतच बरं. काचेच्या बाटलीत घालत असाल तर झाकणाची आतली बाजू बघा. फिरकीच्या पत्र्याच्या झाकणाला आत मऊ कडं असतं, ते अनेकदा पीव्हीसीचं असतं, आणि खार हलून त्याला लागला की तेल त्यातला प्लास्टिसायझर ओढून घेतं. बाटली उभी ठेवा, वरपर्यंत भरू नका, आडवी करून खार घोळवू नका. चकल्या, शेव, कडबोळी कढईतून काढल्या काढल्या प्लास्टिकच्या डब्यात घालू नका. आधी परातीत पूर्ण गार करा. कढवलेलं तूप तर फक्त स्टीलमध्ये किंवा काचेत.

आणि धणे. सिअॅटलची पूड दूषित निघाली म्हणून बाजारातली प्रत्येक पूड तशी असते असं नाही. पण अख्खे धणे-जिरे घेऊन भाजून घरी दळणं आपल्याला परकं नाही. मी दर पंधरा दिवसांनी पावशेर करते. त्या निमित्ताने चवही सुधारली.

पायरी 6 : सोळाव्या वर्षीची मुलगी (आणि मुलगासुद्धा)

सुगंध टिकून राहावा म्हणून परफ्यूम, बॉडी स्प्रे, क्रीम यांत डीईपी हा थॅलेट घालतात. नेलपॉलिश तडकू नये म्हणून पूर्वी डीबीपी सर्रास वापरला जायचा, काहींत तो अजूनही असू शकतो. लेबलवर थॅलेटाचं नाव सहसा दिसत नाही, कारण ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ या एका शब्दात ते झाकलं जातं. म्हणून शोधायचा शब्द तोच.

कॅलिफोर्नियात शंभर किशोरवयीन मुलींनी तीन दिवस आपली क्रीमं, शाम्पू, मेकअप बदलून थॅलेट नसलेली वापरली. 2016 साली छापलेल्या निष्कर्षांत डीईपीची खूण 27 टक्क्यांनी उतरली होती. फक्त तीन दिवसांत! माझ्या मुलीला मी कुठलाही उपदेश केला नाही, हाच आकडा दाखवला. तिने स्वतः कपाट उघडलं आणि सहा बाटल्यांतल्या दोन ठेवल्या. बंदी घातली असती तर बाटल्या कपाटातून दप्तरात गेल्या असत्या.

मुलगेही यातून सुटत नाहीत. व्यायामशाळेनंतर अर्धी बाटली बॉडी स्प्रे मारायची सवय या वयात सर्रास असते. स्प्रे अंगावर नको, कपड्यावर आणि थोडा, आणि बंद खोलीत नको.

सॅनिटरी पॅडबद्दल मुली विचारतात. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने 2022 मध्ये भारतीय बाजारातली दहा पॅड तपासली, त्यांत थॅलेट सापडले. निदान सुगंधी पॅड टाळणं सोपं आहे. सुती कापड किंवा सिलिकॉनचा कप जमत असेल तर तेही चांगले पर्याय.

दुसरी वाट बाहेरच्या खाण्याची. दहा हजारांहून अधिक अमेरिकी लोकांच्या माहितीवरून 2018 मध्ये असं दिसलं की आदल्या दिवशी बाहेर जास्त खाणाऱ्यांमध्ये थॅलेटांच्या खुणा घरी जेवणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त होत्या. किशोरवयीनांत हा फरक 55 टक्के होता.

पायरी 7 : कामावर जाणारे

बाहेरच्या अन्नात थॅलेट कुठून येतात याचं एक उत्तर जपानने शोधलं. तिथे 2000 सालाच्या सुमारास दुकानात डब्यात भरून विकल्या जाणाऱ्या जेवणांत डीईएचपी भरपूर निघाला. मागोवा घेतला तेव्हा कारण निघालं जेवण भरणाऱ्यांचे पीव्हीसीचे हातमोजे. सरकारने ते अन्नासाठी बंद करायला लावले आणि जेवणातलं प्रमाण घसरलं.

म्हणून तुमचा मेसवाला, पोळीभाजी केंद्रवाल्या ताई हातमोजे घालत असतील तर ते बघा. खुळखुळणारे, पातळ, पारदर्शक मोजे पॉलिथिनचे असतात, त्यांची काळजी नको. हाताला जरा सैल बसणारे, दुधट, ताणले की लवकर फाटणारे मोजे बहुधा व्हिनाइलचे, म्हणजे पीव्हीसीचे. स्वच्छ धुतलेला हात किंवा नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) मोजे बरे. सांगताना अजीजीने सांगा. बिचाऱ्या स्वच्छतेसाठीच घालतात.

टपरीवरचा चहा पिशवीत पार्सल आणू नका, थर्मास पाठवा. उकळता चहा आणि अनोळखी पातळ प्लास्टिक ही जोडी कुठल्याच कारणाने चांगली नाही. पार्सलची भाजी घरी आली की लगेच भांड्यात काढा, डब्यासकट मायक्रोवेव्हमध्ये ढकलू नका. रेक्झिन, चपला, केबल यांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी घरी येताच कपडे बदलावेत आणि ते बाळाच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

पायरी 8 : आजी-आजोबा

काही गोळ्या पोटात न विरघळता आतड्यात विरघळाव्यात म्हणून त्यांच्यावर लेप असतो आणि त्या लेपात डीबीपी किंवा डीईपी असू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये औषध कंपन्यांना डीबीपी आणि डीईएचपी टाळण्याची सूचना केली. सासूबाईंच्या डब्यातल्या गोळ्यांची माहितीपत्रकं मी फार्मासिस्टसमोर ठेवली. शोधायचं नाव ‘डायब्युटाइल थॅलेट’. ‘हायप्रोमेलोज थॅलेट’ दिसलं तर दचकू नका, तो लेपाचाच घटक आहे, प्लास्टिसायझर नाही. नाव सापडलं तर डॉक्टरांना पर्याय विचारा, पण एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.

डायलिसिस आणि रक्त चढवणं यांतही डीईएचपी जातो. गंमत अशी की रक्ताच्या पिशवीतला डीईएचपी तांबड्या पेशींना टिकून राहायला मदत करतो, म्हणून तो काढणं इतकं सोपं गेलेलं नाही. या वयात उपचाराचा फायदा निःसंशय मोठा. तिथे चिंता नको, फक्त घरची भर कमी करा : गरम दूध प्लास्टिकच्या मगमध्ये देऊ नका, कवळी ठेवायला काचेची वाटी द्या, आणि देवघरातल्या तेलाची जुनी मऊ बाटली बदला.

पायरी 9 : कुठल्या क्रमाने करायचं

पहिल्या दिवशी फुकटातली कामं : ओली पुसणी, हात धुणं, पार्सल भांड्यात काढणं. पहिल्या आठवड्यात माळ्यावरचे डबे उतरवणं आणि सुगंधी बाटल्या अर्ध्यावर आणणं. महिनाभरात अख्खे धणे, मेणकापडावर गोधडी, झाकणांची पाहणी. फ्लोअरिंग, सोफा, पडदे जुने होतील तेव्हाच बदला, आणि तेव्हा पीव्हीसी घेऊ नका.

काढलेलं मेणकापड, रेक्झिन आणि लिनोलियमच्या गुंडाळ्या बंबात, चुलीत किंवा अंगणात जाळू नका. पीव्हीसी जळताना आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं निघतात, आणि तो धूर पुन्हा त्याच बाळाच्या नाकात जातो. गुंडाळी बांधून सुक्या कचऱ्यात वेगळी द्या.